तंबू दुपारवरून निवडावा

कुटुंबासाठी तंबू घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानदार पहिल्यांदा विचारतो, माणसे किती? चौघांचा, सहा जणांचा, आठ जणांचा अशी तंबूंची प्रतवारीच ठरलेली आहे आणि ती ठरली आहे अंथरुणांवरून. एका माणसामागे साधारण दोन फूट रुंदी धरायची आणि खांद्याला खांदा लावून जेवढे झोपू शकतील तेवढ्यांचा तो तंबू. म्हणजे सगळा हिशेब रात्रीचा. कुटुंब मात्र मुक्कामावर फक्त झोपायला जात नाही. लहान मूल दुपारी निजते, आजी-आजोबा जेवणानंतर आडवे होतात, कपडे बदलायला आडोसा लागतो आणि उन्हाचा कडाका असताना सगळ्यांना छताखाली यावे लागते. आपल्या हवेत कुटुंबाच्या तंबूची परीक्षा दुपारी बारा ते चार या वेळात होते, रात्री नव्हे, असे माझे म्हणणे आहे. त्याचा पुरावा शोधायला कामठीसारखे दुसरे ठिकाण नाही, कारण फौज, तिची कुटुंबे आणि वैदर्भीय ऊन ही तिन्ही तिथे दोनशे वर्षे एकत्र नांदली आहेत.

1816 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि 1821 मध्ये कन्हान नदीच्या उजव्या काठी, नागपूरपासून पाच कोसांवर, कामठीची छावणी बसली. ही फौज मद्रास लष्कराची होती. या एका गोष्टीने कामठीचे रूप ठरवले. बंगाल लष्करातला शिपाई घरची माणसे गावी ठेवून पलटणीत येई. मद्रास लष्करात मात्र शिपायाची बायकामुले पलटणीबरोबर एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यावर जात. तमिळ आणि तेलुगू मुलखातून निघालेल्या पलटणी कन्हानकाठी यायच्या, तेव्हा त्यांच्यामागे बैलगाड्यांवर भांडीकुंडी, म्हातारी माणसे आणि पोरे असत. छावणीत पोचल्यावर शिपायाला झोपडी बांधण्यापुरता भत्ता मिळे आणि त्याचे बिऱ्हाड मातीच्या भिंतींत जाई. वाटेवरच्या मुक्कामांत मात्र सरकारी तंबू होता तो शिपायासाठी. कुटुंबाने गाडीच्या सावलीत, झाडाखाली किंवा स्वतःच्या चादरी ताणून दिवस काढायचा.

सरकारचा हिशेब कशाने ठरत होता, हे त्या तंबूंच्या नावांवरूनच कळते. हिंदुस्थानी लष्करात तंबू ओळखले जात वजनावरून: 40 पौंडी, 80 पौंडी, 160 पौंडी, 180 पौंडी. खेचराच्या पाठीवर दोन मण, म्हणजे 160 पौंड, ओझे चालते. त्यामुळे दोन्ही बाजूंना एकेक 80 पौंडी तंबू लादला की खेचर भरले. आत किती हवा खेळते, मूल झोपेल का, हे या कोष्टकात कुठेच बसत नाही. शिपाई पहाटे कूच करतो, दिवसा कामावर असतो, तंबूत शिरतो तो पाठ टेकायला. त्याच्यासाठी ते गणित चुकीचे नव्हते. आजच्या दुकानातली ‘चौघांचा, सहा जणांचा’ ही भाषा त्याच गणिताची वारस आहे. खेचर जाऊन पाठपिशवी आली, एवढाच फरक.

फौजेबरोबर कुटुंब असावे की नसावे, हा प्रश्न मराठी मुलखाला नवा नव्हता. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची शिस्त सांगितली आहे. तिच्यात मोहिमेवर बायका नेण्यास सक्त मनाई होती आणि ती मोडणाऱ्याला देहदंड होता. त्या फौजेची चपळाई याच शिस्तीतून आली. पुढे उत्तरेत उतरलेल्या मराठी फौजांचा थाट पालटला. 1761 मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, विश्वासरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या आणि तीर्थयात्रेच्या ओढीने आलेले हजारो बिनलढाऊ लोक होते. 1809 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या टॉमस ब्रॉटनने लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने आली. त्यांत दिसते ते फिरते शहर आहे, बाजार, सावकार, बायकामुले सगळ्यांसकट. इतिहासकार या बदलाला लष्करी ऱ्हास म्हणतात आणि लढाईच्या दृष्टीने ते खरेच आहे. पण तंबूच्या इतिहासात याच गर्दीने एक मोलाची गोष्ट जपली. दिवसभर तंबूत राहणाऱ्या माणसांना काय लागते, ते तिला ठाऊक होते. चारी बाजूंनी कनात, मध्ये मोकळे अंगण, वर शामियाना ही मांडणी मोगलांकडून मराठ्यांकडे आली. ऐन-ए-अकबरीत बादशाही मुक्कामाचे सामान हलवायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 हमाल लागत, असे नोंदले आहे. त्या यादीत मेणकापडाचे तंबूही आहेत. म्हणजे पाणी न झिरपणारे कापड त्या काळी अवगत होते. तरीही मोठ्या निवासाचा भर राहिला तो सुती पडदे, अंतराने टांगलेली छते आणि सावली यांवर.

इंग्रजांनी हे ज्ञान उचलले, ही बाब माझ्या दृष्टीने सगळ्यांत भक्कम पुरावा आहे. त्यांच्या स्वदेशी फौजेचा घंटेच्या आकाराचा तंबू एका खांबाचा आणि एका कापडाचा होता. थंड, ओल्या हवेत तेवढे पुरे होते. हिंदुस्थानात त्यांच्या गोऱ्या सोल्जराला मिळाला तो ‘हिंदुस्थानी पद्धतीचा’ दुछती तंबू. तो खर्चिक होता, दुप्पट जड होता, तरी सरकारने तो पत्करला, कारण उन्हाने माणूस मरतो हे कळून चुकले होते. हिंदी शिपायाच्या वाट्याला मात्र त्याहून हलका पाल आला. ऊन दोघांना सारखेच लागत होते. किंमत सारखी धरली नव्हती.

या दोन छतांचे काम जवळून पाहण्याजोगे आहे. आतले छत मुख्य खांबांवर बसते. बाहेरचे त्याच्यावर, पण त्याला न टेकता, वेगळ्या तणाव्यांनी ताणलेले असते आणि मध्ये वीतभर ते हातभर पोकळी राहते. ऊन बाहेरच्या कापडावर पडते, ते तापते, पण त्याची धग थेट आत उतरत नाही. पोकळीतली तापलेली हवा कडांखालून निघून जाते आणि तिच्या जागी ताजी येते. कापड सुती, दोन-तीन पदर एकत्र शिवलेले. पाऊस पडला की सुताचे धागे फुगतात आणि विणीतली भोके मिटतात. म्हणूनच ओल्या तंबूला आतून बोट लावू नये म्हणतात, कारण बोट लावले त्या जागी पाणी झिरपू लागते. दुछतीत ही भीती कमी, कारण आतल्या माणसाचा हात बाहेरच्या छताला लागतच नाही. दोर मात्र भिजले की आवळतात, म्हणून पावसाआधी ते सैल करावे लागतात, नाहीतर मेखा उपटून येतात.

हे तंबू शिवणारे हात कामठीपासून फार लांब नव्हते. जबलपूरला 1837 च्या सुमारास ठगांसाठी उद्योगशाळा निघाली. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुले तिथे गालिचे विणत आणि तंबू शिवत. त्या शाळेच्या तंबूंना नाव होते. वाटसरूंबरोबर मुक्काम करून त्यांचा गळा आवळणाऱ्यांच्या पुढच्या पिढीने वाटसरूंसाठी निवारा शिवावा, हा मध्य प्रांताच्या इतिहासातला विलक्षण भाग आहे आणि मराठीत त्यावर फार थोडे लिहिले गेले आहे. पुढे हा धंदा कानपूरच्या गिरण्यांकडे गेला.

खरा कौटुंबिक तंबू घडला तो लष्करात नव्हे, मुलकी दौऱ्यात. हिवाळा लागला की जिल्ह्याचा अधिकारी कचेरीसह बाहेर पडे आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगाव मुक्काम करी. बरोबर बायको आणि मुले असत. अशा बिऱ्हाडासाठी ‘स्विस कॉटेज’ नावाचा तंबू रूढ झाला. नाव युरोपातल्या डोंगरी घराचे, पण बांधणी इथल्या गरजेची: दोन छते, पुढे पडवी, मागे न्हाणीची जागा, मध्ये उभे राहून वावरता येईल अशी खोली. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी 1888 च्या सुमारास अँग्लो-इंडियन गृहिणींसाठी जे पुस्तक काढले, त्यात दौऱ्यावरच्या बिऱ्हाडाचा स्वतंत्र विचार आहे. नवरा सकाळी गावात जमाबंदी पाहायला गेला की दिवसभर तंबूत राहायचे ते बाईने आणि मुलांनी. पडवी म्हणजे शोभा नव्हे. ती तंबूची दुपारची खोली होती. आणि मुक्काम पडायचा आमराईत, म्हणजे दोन छतांवर झाडाचे तिसरे.

यावर पहिला आक्षेप घेतला जाईल तो नैतिक आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ही सारी सोय दुसऱ्यांच्या पाठीवर उभी होती. तंबूंचे दोन संच असत. एकात कुटुंब झोपलेले असताना दुसरा रात्रीच बैलगाड्यांवरून पुढच्या मुक्कामी जाई आणि खलाशी पहाटेपर्यंत तो उभा करत. गाड्या, चारा, दूध, लाकूडफाटा गावाकडून घेतला जाई, पुष्कळदा वेठीने आणि नाममात्र दराने. साहेबाचा तंबू पडला की गावाच्या पोटात गोळा येई. मग अशा तंबूचा धडा आज कशाला गिरवायचा? माझे उत्तर असे की अन्याय वजनात आणि वेठीत होता, पोकळीत नव्हता. दोन छतांमधल्या हवेला वजन नाही. आजच्या हलक्या तंबूतही आत जाळीचा तंबू आणि वर स्वतंत्र पावसाळी छत अशी जोडी मिळते. ती नसेल तर साध्या तंबूवर हातभर उंच ताडपत्री किंवा जाड चादर बांधता येते. गाडीच्या डिकीत हे सामान मावते आणि ते उभारायला घरातलेच हात पुरतात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. आज नागपूर-कामठीकडची कुटुंबे पेंच, रामटेक, खिंडसीकडे जातात ती डिसेंबर-जानेवारीत, एखाद्या रात्रीसाठी. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो तेव्हा तंबूत राहायला कोण निघतो? तेव्हा थंडी आणि दव यांचा विचार आधी करावा. हा आक्षेप अर्धा खरा आहे. विदर्भातली जानेवारीची रात्र चांगलीच बोचते. पण त्याच दिवशीच्या दुपारचे ऊनही चटका देणारे असते आणि पातळ, एकेरी, हवाबंद पॉलिस्टरचा तंबू उघड्यावर असला तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापते. रात्रीचेही तसेच. चार माणसांच्या श्वासातली वाफ थंड एकेरी कापडावर साचते आणि पहाटे पांघरुणावर ठिबकते. लोक त्याला गळका तंबू म्हणतात. ते पाणी बाहेरचे नसते, घरचेच असते. दुछतीत वाफ जाळीतून वर जाते आणि बाहेरच्या कापडावर जमून कडेने ओघळते. म्हणजे दुपारसाठी केलेली निवड रात्रीही उपयोगी पडते. केवळ रात्रीसाठी केलेली निवड मात्र दुपारी कामाची राहत नाही.

‘इतके मिलिमीटर पाण्याचा दाब सोसतो’ अशा आकड्यांवर भाळून तंबू घेणाऱ्यांचा आग्रह पावसासाठी असतो. इथल्या पावसाचा दाखला मात्र वेगळेच सांगतो. मुलकी दौरे पावसाळ्यात बंद असत, कारण अडचण छताची नव्हती, वाटेची आणि ओढ्यांची होती. नागपूर-कामठी परिसराची भूरचना अभ्यासणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या अभ्यासानंतर इथल्या खडकांना भूशास्त्रात कामठीचे नाव कायमचे लागले, ते 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना फुगलेल्या ओढ्यात बुडून गेले. आमच्याकडे जोराचा पाऊस असेल तेव्हा कुटुंबाने नदीकाठी तंबू ठोकायचाच नसतो, मग कापड कितीही जलरोधक असो. वळवाच्या सरीला पुरेल एवढे कापड आणि बाकी पैसा हवेसाठी, हा हिशेब मला पटतो.

राहिला तो आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: कुटुंबाच्या तंबूचा इतिहास लिहायचा तर साहेबाच्या मेमेपाशी का थांबायचे? पिढ्यान्‌पिढ्या पालात संसार करणाऱ्या भटक्या जमातींकडे का पाहायचे नाही? पाहायलाच हवे. पालातले कुटुंब निवड करायला दुकानात जात नाही, मिळेल त्या कापडातून निवारा उभा करते. तरी त्या उभारणीत दुपारचेच ज्ञान आहे. पाल दोन्ही तोंडांनी उघडा असतो, वारा आरपार जातो, त्यावर जुनी गोधडी किंवा पोती टाकून ऊन अडवले जाते आणि जागा निवडताना झाड पाहिले जाते. अलीकडे कापडाच्या जागी प्लॅस्टिक आले. ते पावसाला चांगले, पण उन्हाला वाईट, आणि त्याचे चटके पालातली बाळे सोसतात. कामठीच्या पलटणीमागून गाडीच्या सावलीत चालत आलेल्या बायकांचा निवाराही याच जातीचा होता, आणि तोही सरकारी कोष्टकात नव्हता. तंबू बनवणाऱ्यांनी मापे बदलायची तर सुरुवात इथून व्हावी. आत किती माणसे झोपतील हे छापतात, तसे भर दुपारी उघड्यावर ठेवलेल्या तंबूत बाहेरच्यापेक्षा किती अंश जास्त तापते, तेही पिशवीवर छापावे. ते मोजायला एक तापमापक आणि विदर्भातली एक दुपार पुरे.