कोस, मजल आणि तास : कल्याण-भिवंडीच्या अंतराचा इतिहास

दोन नगरांमधील अंतर ही सामान्यतः भूगोलाची बाब समजली जाते. वस्तुतः ती इतिहासाचीही आहे. भूमीवरील अंतर तेच राहते, परंतु ते तोडावयास लागणारा काळ युगपरत्वे पालटतो. कल्याण व भिवंडी ह्या जोडनगरांचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

मराठीतील जुने अंतरवाचक शब्द मनुष्याच्या शक्तीवर आधारलेले आहेत. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ ह्यापासून आला. क्रोश म्हणजे आरोळी. ती जेथवर ऐकू जाईल तेथवरचे अंतर, हा त्यामागील मूळ भाव. ‘हाकेच्या अंतरावर’ ह्या वाक्प्रचारात तीच कल्पना आजही जिवंत आहे. अरबी ‘मंझिल’पासून आलेली ‘मजल’ म्हणजे एका दिवसाची चाल. कोस ढोबळमानाने दोन मैलांचा धरीत; मजलीस मात्र निश्चित माप नव्हते. घाट, चिखल, ओझे ह्यांनुसार ती लहानमोठी होई. म्हणून जुन्या कागदांतील मजलींचे सरसकट मैल करणे सदोष ठरते. मजल हे भूमीचे नव्हे, प्रवासाचे माप होय.

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी घेतली. इतिहासात ही नावे बहुधा जोडीने येतात, ते स्वाभाविकच आहे. कल्याण उल्हास नदीच्या खाडीवर, तर भिवंडी कामवारीच्या काठी. दोहोंमध्ये थोड्याच कोसांचे अंतर. होडी आणि बैलगाडी हीच साधने असेपर्यंत दोन्ही गावांची प्रवासाची परिस्थिती फारशी भिन्न नव्हती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा २१ मैलांचा लोहमार्ग सुरू झाला आणि १८५४ मध्ये तो कल्याणास पोहोचला. पुढे कल्याणहूनच थळ व बोर घाटांकडे फाटे गेले. भिवंडी ह्या मार्गाबाहेर राहिली. कोस होते तेवढेच राहिले. परंतु कल्याणचे अंतर तासांत मोजले जाऊ लागले, आणि भिवंडीचे खाडीवर व सडकेवर अवलंबून राहिले. जोडी भूमीवर अभंग राहिली, काळात मात्र दुभंगली. तरीही भिवंडी मागे पडली असे म्हणता येत नाही. आग्रा रोड व हातमाग, आणि पुढे यंत्रमाग, ह्यांच्या बळावर तिने आपला व्यापार वाढविला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिवा-वसई मार्गावर तिला स्थानक लाभले, ते ‘भिवंडी रोड’ ह्या नावाने. रेल्वेच्या परिभाषेत ‘रोड’ हे पद, गाव स्थानकापासून काहीसे दूर असून तेथवर सडकेने जावे लागते, असे सुचविते. नावातच अंतराची नोंद राहिली आहे.

विमानाने हा भेद अधिक तीव्र केला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूस उतरले, तेव्हा मजलींचा प्रवास एका दिवसात आला. आज मुंबई-दिल्ली हे सुमारे १,१५० किलोमीटरांचे हवाई अंतर दोन तासांच्या आसपास तोडले जाते. सडकेवर वाहतूक दाटली, तर भिवंडीहून विमानतळ गाठण्यासही तेवढा वेळ लागू शकतो.

तात्पर्य, ‘किती दूर’ ह्या प्रश्नास केवळ आकड्याने उत्तर देता येत नाही. कोणत्या वाहनाने, कोणत्या ऋतूत आणि कोणासाठी, हे विचारल्यावाचून अंतराचा इतिहास लिहिता येणार नाही.