सुरतेच्या किल्ल्याचा निर्माता : खुदावंदखान ख्वाजा सफर

जानेवारी १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांची सुरतेवर स्वारी झाली, तेव्हा शहराचा मुघल अधिकारी इनायतखान तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला. शहर लुटले गेले. किल्ला मात्र हाती लागला नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थ्याला हा प्रसंग ठाऊक असतो. तो किल्ला कोणी व कोणाच्या भीतीने बांधला, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो.

किल्ल्याचा निर्माता ख्वाजा सफर हा गुजरातच्या सुलतानांचा सेनापती होता. खुदावंदखान हा त्याचा किताब. पोर्तुगीज साधनांत तोच ‘कोजे सोफार’ या नावाने येतो. एकाच व्यक्तीच्या या नावांमुळे अभ्यासकांचाही गोंधळ होतो. पोर्तुगीज वृत्तांतांनुसार त्याचा जन्म दक्षिण इटलीतील ख्रिस्ती कुटुंबात झाला होता. पुढे तो मुसलमान झाला आणि तांबड्या समुद्रातील तुर्की आरमाराचा सरदार सलमान रईस याच्या पदरी राहिला. सलमानच्या मृत्यूनंतर त्याचा भाचा मुस्तफा याच्यासह तो १५३१ मध्ये दीव येथे आला. तोफा व त्या चालवणारी माणसे त्यांच्याबरोबर होती. सुलतान बहादुरशाहने दोघांनाही आश्रय दिला. मुस्तफा ‘रूमीखान’ झाला. परंतु १५३५ मध्ये तो हुमायूनला जाऊन मिळाला. सफर मात्र बहादुरशाहजवळच राहिला.

फेब्रुवारी १५३७ मध्ये दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत बहादुरशाह मारला गेला. त्या वेळी सफरही जखमी झाला, पण वाचला. यानंतरचा भाग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. सुलतानाच्या मृत्यूस कारणीभूत झालेल्या पोर्तुगीजांनीच त्याला दीवमध्ये ठेवून घेतले. शहरातील व्यापाऱ्यांना धीर देण्यासाठी त्यांना त्याची गरज होती. सुमारे वर्षभर तो तेथे राहिला आणि १५३८ मध्ये निसटून गुजरातच्या फौजेसह दीववर चालून आला. सप्टेंबरात सुलेमान पाशाचे उस्मानी आरमारही येऊन पोहोचले. तथापि गुजराती सरदारांना पोर्तुगीजांइतकाच या पाहुण्यांचाही संशय होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीस आरमार निघून गेले व वेढा उठला.

पोर्तुगीज लेखक सफरला विश्वासघातकी म्हणतात. आमच्या मते हा आरोप एकाच बाजूने पाहिलेला आहे. आश्रयदात्या सुलतानाशी त्याची निष्ठा १५३७ पूर्वीही होती व नंतरही राहिली. वर्षभराचा मुक्काम हा एका पराभूत माणसाचा मुक्काम होता. त्याच्या लढायांना केवळ धर्मयुद्ध म्हणणेही पुरेसे नाही. समुद्रावरील परवाने आणि बंदरांची जकात कोणी वसूल करायची, हा त्यामागील खरा वाद होता.

सुलतान महमूद तिसरा याच्या काळात सुरत सफरकडे आली. हे शहर पोर्तुगीजांनी वारंवार जाळले होते. १५३० मध्ये ते जाळणारा अंतोनियो द सिल्व्हेरा हाच १५३८ मध्ये दीवचा किल्लेदार होता! १५४० च्या सुमारास सुरू झालेले सुरतेच्या किल्ल्याचे बांधकाम १५४६ पर्यंत पुरे झाले. निजामुद्दीन अहमद याने ‘तबकात-इ-अकबरी’मध्ये त्याचे वर्णन केले आहे. जमिनीकडील दोन बाजूंना पाण्याने भरलेला वीस गज रुंद खंदक होता. भिंतींचे दगड लोखंडी पट्ट्यांनी जखडून सांध्यांत वितळलेले शिसे ओतले होते. पोर्तुगीजांनी आधी बळाने काम थांबवण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर, निदान वरची चौकंडी तरी बांधू नये म्हणून मोठी रक्कम देऊ केली. खुदावंदखानाने ती नाकारली आणि चौकंडी उभी केली.

एप्रिल १५४६ मध्ये त्याने दीवला दुसरा वेढा घातला. जूनमध्ये तोफेच्या गोळ्याने त्याचा अंत झाला. वेढा पुढे चालवणारा त्याचा मुलगा नोव्हेंबरातील निर्णायक लढाईत पडला. खुदावंदखान हा किताब व सुरत दुसरा मुलगा रजब याच्याकडे गेली. ख्वाजा सफरचा मकबरा सुरतेत असून तो पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. किल्ला पाहायला विद्यार्थ्यांना नेणाऱ्या प्राध्यापकांनी तेथेही थोडा वेळ द्यावा.

ज्यांच्याविरुद्ध हा किल्ला बांधला, त्यांना तो कधीच घेता आला नाही. तो घेतला अकबराने, सुमारे दीड महिन्याच्या वेढ्यानंतर, फेब्रुवारी १५७३ मध्ये. आत त्याला ‘सुलेमानी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड तोफा आढळल्या. उस्मानी आरमाराने किनाऱ्यावर सोडलेल्या या तोफा खुदावंदखानाने किल्ल्यात आणून ठेवल्या होत्या. अकबराने त्या आग्र्याला नेण्याचा हुकूम दिला.