पाण्याखालचा दिवा मुठीत येईपर्यंत

लुई बुताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाला समुद्राच्या तळाशी फोटो काढायला उजेड हवा होता, म्हणून त्याने दोनशे लिटरचं पिंप पाण्यात उतरवलं. साल १८९३, जागा भूमध्य समुद्राकाठचं बान्यूल्स-सूर-मेर. पिंपाच्या माथ्यावर काचेचा घुमट, घुमटात पेटता स्पिरिटचा दिवा. रबरी फुगा दाबला की मॅग्नेशियमची पूड ज्योतीवर उडायची आणि क्षणभर तळ उजळायचा. त्याआधी शोफूर नावाच्या विद्युत अभियंत्याने काचेच्या फुग्यात प्राणवायू भरून आत मॅग्नेशियमची तार जाळून पाहिली होती, पण त्या फुग्यांचा भरवसा नव्हता, ते फुटत. दोनशे लिटर हवा पाण्याखाली न्यायची म्हणजे दोनशे किलोंची उचल दाबून धरायची. एका फोटोसाठी एवढा खटाटोप! १८९९ मध्ये बुताँने विजेचे आर्क दिवे पाण्यात सोडले आणि त्याच्या पाण्याखालच्या उजेडाला ज्वालेपासून सुटका मिळाली.

मी मालवणची. थंडीचे महिने अंदमानात, स्वराज द्वीपावर, डायव्हिंग गाईड म्हणून काढते. तिथे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून रात्रीची डाइव्ह आमच्याकडे चहाच्या वेळेलाच सुरू होते. विमानातून उतरलेले पाहुणे आपापले टॉर्च दाखवतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: किती ल्युमेनचा घ्यावा? त्याचं उत्तर देताना मला नेहमी बुताँच्या पिंपापासून सुरुवात करावीशी वाटते. हा दिवा लहान होत गेला तो हौशीने नव्हे. प्रत्येक टप्प्यामागे अडचण आहे, काही टप्प्यांमागे तर माणसांचे मृत्यू.

समुद्रात उजेड एवढा का लागतो, हे एकदा पाहिलं की विसरत नाही. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. पाच-दहा मीटरवरच लाल प्रवाळ करडं दिसू लागतं, भरदुपारीसुद्धा. त्यावर टॉर्च धरला की हातभर अंतरावरून खरा रंग परत येतो. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्याँ यांनी ॲक्वालंग हे पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र तयार केलं, माणूस नळीशिवाय पोहू लागला, पण दिव्याची पंचाईत तशीच राहिली. कुस्तो आणि लुई माल यांच्या १९५६ च्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटात सुरुवातीलाच पाणबुडे जळत्या मशाली हातात घेऊन खोल उतरतात. दृश्य भव्य आहे. मला मात्र ते पाहताना त्यांच्या हातांची काळजी वाटते.

आजच्या खिशातल्या टॉर्चचा खरा पूर्वज फ्लोरिडाच्या गुहांत सापडतो. तिथल्या चुनखडीतल्या झऱ्यांमध्ये पाणी काचेसारखं, आणि त्याच पाण्याखाली मैलोन्‌मैल अंधारी भुयारं. साठ-सत्तरच्या दशकांत तिथे डायव्हर मोठ्या संख्येने मेले. शेक एक्सली या गुहा-डायव्हरने त्या अपघातांचा एकेक करून अभ्यास केला आणि १९७९ मध्ये छोटं पुस्तक काढलं. बाहेरपर्यंत अखंड दोरी असावी. हवेचा एक तृतीयांश आत जायला, एक तृतीयांश परतायला, उरलेला राखीव. पुढे या नियमांत दिव्यांची भर पडली: माणशी तीन, एक मुख्य आणि दोन जादा. गुहेत वर पाहून चंद्र दिसत नाही. दिवा गेला की दिशाच गेली.

मुख्य दिवा तेव्हा कमरेला बांधलेला डबा असायचा. डब्यात जड सेल, तिथून वायर, वायरच्या टोकाला हाताच्या पंजावर बसणारा हॅलोजनचा डोळा. जादा दिवे छातीच्या पट्ट्यांवर, दोन्ही बाजूंना. हे गुहा-डायव्हर त्या झोताने बोलायचेही: तळावर सावकाश गोल फिरवला तर सगळं ठीक, जोरजोराने आडवा हलवला तर धावून ये. आज मी नवख्यांना पाण्यात उतरण्याआधी हेच शिकवते. म्हणून मला झोताचा मध्य आखीव, टोकदार हवा. सगळीकडे सारखा पसरलेला उजेड व्हिडिओला छान, पण त्यात इशारा विरघळून जातो. शिवाय आमच्या मालवणच्या पाण्यात गाळ असतो. रुंद उजेड प्रत्येक कणावरून उलटून डोळ्यांत येतो आणि धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यासारखं होतं. अंदमानच्या स्वच्छ पाण्यात थोडा रुंद चालतो.

मग दिवा मुठीत आणला दोन शोधांनी. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आणला. १९९३ मध्ये शुजी नाकामुरांनी प्रखर निळा एलईडी बनवला, त्यातून पुढे पांढरा उजेड आला. हॅलोजन एका वॉटला वीसेक ल्युमेन द्यायचा, एलईडी शंभराच्या पुढे गेला. आता अठरा मिलिमीटर जाडीचा, पासष्ट मिलिमीटर लांबीचा एक सेल तासभर पुरतो आणि अख्खा टॉर्च जॅकेटच्या खिशात मावतो.

ताकद लहान जागेत कोंडली की तिची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ यूपीएस कंपनीचं मालवाहू विमान आगीमुळे कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. विमानात लिथियम सेलांचा मोठा साठा होता. एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन सेल माल म्हणून नेणं बंद झालं. प्रवाशासाठी नियम असा, की सुटे सेल फक्त हातातल्या सामानात, टोकं झाकून; शंभर वॉट-तासांपर्यंत परवानगी मागावी लागत नाही. वर सांगितलेला सेल जेमतेम बारा वॉट-तासांचा, म्हणजे प्रवासाला लहान टॉर्चच सोयीचा. विमान कंपन्यांच्या धोकादायक सामानाच्या नियमांत पाण्याखालच्या प्रखर दिव्यांचा तर नाव घेऊन उल्लेख आहे. कारण साधं आहे. हा दिवा पाण्यानेच थंड राहतो. बॅगेत कपड्यांमध्ये चुकून सुरू झाला तर तापत जातो. म्हणून सेल बाहेर काढता येईल असाच टॉर्च घ्या, आणि काढून ठेवा.

माझ्याकडे दोन आहेत. मुख्य मध्यम ताकदीचा, जादा त्याहून साधा, दोन्हींत एकाच मापाचा सेल. बटणापेक्षा डोकं फिरवून लागणारी रचना मला आवडते, ओल्या बोटांनाही ती कळते. टॉर्चच्या जोडावरच्या रबरी कडीवर केस किंवा वाळूचा कण बसला की पाणी शिरतं. म्हणून ती मी उतरण्याआधी पुसून, बोटाने चाचपून पाहते. कोणी दोन हजार ल्युमेनचा एक घेऊ का विचारलं, की मी त्याच पैशात निम्म्या ताकदीचे दोन घ्यायला सांगते. फ्लोरिडाच्या गुहांनी शिकवलेलं ते आहे, ल्युमेनचे आकडे बदलले तरी ते बदललेलं नाही.

चार्जिंगच्या बाबतीत मात्र मी कोणाचंच ऐकत नाही. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ या डाइव्ह बोटीला आग लागली आणि खाली झोपलेली चौतीस माणसं गेली. आग नेमकी कशाने लागली ते चौकशीत ठरलं नाही, पण वरच्या सलूनमध्ये रात्री सेलवर चालणारी उपकरणं चार्जिंगला लावलेली होती. माझ्यासोबत बोटीवर मुक्कामाला येणाऱ्याने आपला टॉर्च न्याहारीनंतर, सगळे जागे असताना, डोळ्यांसमोर चार्ज करायचा. रात्री बोर्डातला कुठलाही प्लग मी उपसून काढते, मालक कोणीही असो.