‘लस’ या शब्दाचा अर्थविस्तार

इ. स. १८०२ च्या १४ जून रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण होय. तिच्या फोडातील द्रव पुढे इतर मुलांस टोचला गेला. तो द्रव हाच ‘लस’ या शब्दाचा मूलार्थ.

२० ऑगस्ट २०२१ रोजी भारतात आपत्कालीन परवानगी मिळालेल्या ‘झायकोव्ह-डी’ या डीएनए-लसीत असा द्रव नाही. तीत करोना विषाणूच्या एका प्रथिनाचा केवळ आराखडा आहे. ती सुईविना त्वचेत सोडली जाई, कारण त्वचेत शाखायुक्त डेंड्रिटिक पेशी विपुल असतात. लांगरहान्सने १८६८ मध्ये त्यांना मज्जापेशी मानले. १९७३ मध्ये स्टाइनमन व कोन यांनी प्लीहेतील अशा पेशींना हे नाव दिले. त्या प्रथिनाचे अंश लसीकाग्रंथींत नेऊन टी-पेशींस दाखवितात. द्रव लोपला, कार्य उरले. शब्द कार्यास चिकटून राहिला.