स्वस्त मोटारीचं गणित

गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर जातं. दोन चाकांमध्ये १ मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना हा फरक सुमारे १.५७ मीटर येतो. वळण मोठं असो की छोटं, फरक तेवढाच! बैलगाडीची चाकं आसावर सुटी फिरतात, म्हणून तिला अडचण येत नाही. मोटारीत मात्र इंजिनानं चाकं फिरवायची असतात. त्यासाठी आसात दंतचक्रांचा 'डिफरन्शियल' बसवतात.

इंग्लंडमधल्या जी.एन. कंपनीनं हा डिफरन्शियलच गाळून टाकला. एच. आर. गॉडफ्रे आणि आर्चिबाल्ड फ्रेझर-नॅश या तरुण इंजिनिअरांनी १९१० साली ती काढली. मोटार तेव्हा श्रीमंतांची चीज होती. मोटारसायकल आणि मोटार यांच्या मधली, हलकी 'सायकलकार' हे त्यांचं उत्तर होतं. हवेनं थंड होणारं दोन सिलिंडरचं इंजिन. म्हणजे पाणी नको, रेडिएटर नको. पुढच्या गाड्यांत प्रत्येक गिअरला स्वतंत्र साखळी. म्हणजे महागडी गिअरपेटी नको. मागचा आस अखंड. वळणावर चाक थोडं घसरायचं, पण गाडी हलकी असल्यामुळे ते चालून जायचं. पहिल्या महायुद्धानंतर गाड्यांना मागणी वाढली आणि १९२० मध्ये कारखाना लंडनच्या वाँड्सवर्थ भागात गेला.

१९२१ पासून ब्रिटनमध्ये दर अश्वशक्तीला एक पौंड कर सुरू झाला. ही अश्वशक्ती कागदावरची होती: सिलिंडरच्या इंचांमधल्या व्यासाचा वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले २.५. जी.एन.चा व्यास ८४ मिलिमीटर, सिलिंडर दोन. उत्तर पावणेनऊच्या आसपास. १९२२ साली ऑस्टिन सेव्हन आली. तिच्या ७४७ घन सेंटिमीटर इंजिनाचा व्यास ५६ मिलिमीटर, सिलिंडर चार; उत्तर पावणेआठच्या आसपास. म्हणजे सिलिंडर दुप्पट, तरी कर कमी! शिवाय तिला डिफरन्शियल होता, पाण्यानं थंड होणारं इंजिन होतं आणि चारही चाकांना ब्रेक होते. अशी गाडी मोठ्या संख्येनं बनू लागल्यावर सायकलकारचं गिऱ्हाईक आटलं. जी.एन.चे दोघे संस्थापक १९२२ मध्ये बाहेर पडले. पुढच्या दोन-तीन वर्षांत कंपनीही संपली.

वस्तू स्वस्त करण्याचे इथे दोन मार्ग दिसतात. एक, भाग गाळत जायचं. दुसरा, सगळे भाग ठेवून आकार लहान करायचा. दुसरा जिंकला. पण सामान्य माणसालाही मोटार हवी आहे, हे पहिल्यानंच दाखवून दिलं, असं आम्हाला वाटतं. वरची दोन्ही गणितं वर्गात जरूर करून पाहा.