कोरी जागा आणि शून्य

आटपाडीच्या पेठेतले एखादे जुने बिल तुमच्या घरी निघाले, तर त्याच्या तळाशी जरूर पाहा. ‘चू. भू. दे. घे.’ अशी चार अक्षरे बहुधा आढळतील. चूकभूल देणे घेणे! दुकानदाराने हिशेब पुरा केला, बेरीज मांडली, आणि मग स्वतःच कबूल केले की बाबा, चूक होऊ शकते. निघाली तर आपण बसून निस्तरू. आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती. संस्थान गेले, १९५७ साली नवे पैसे आले, पण ही चार अक्षरे टिकली. हिशेबाची यंत्रे आपली अडचण बोलून दाखवायला कशी शिकली, आणि त्यांना उत्तर देताना माणसे कोठे घसरतात, ते आज तुम्हांला सांगायचे आहे.

यंत्रे म्हणजे मधल्या आकाराचे संगणक. खोलीभर पसरणारे अजस्र नव्हेत, टेबलावरचे छोटेही नव्हेत. कारखान्याचे पगार, घाऊक व्यापाऱ्याचा माल, पेढीची खाती सांभाळणारे. आय.बी.एम. कंपनीने १९६९ साली ‘सिस्टिम-३’ हे यंत्र बाजारात आणले. ते अडले की नुसते थांबे आणि दोन खुणा उजळून दाखवी. बस्स! त्या खुणांचा अर्थ जाडजूड पुस्तकात शोधायचा. पुस्तक साहेबांच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप असले, तर रात्रपाळीच्या माणसाने काय करावे? १९७७ च्या ‘सिस्टिम-३४’ मध्ये पडद्यावर मजकूर येऊ लागला आणि उत्तराला शून्य ते तीन असे आकडे मिळाले. पुढे १९७८ साली ‘सिस्टिम-३८’ जाहीर झाले, आणि २१ जून १९८८ रोजी ‘ए-एस-चारशे’. यांत यंत्र पुरते वाक्य बोलू लागले. त्या वाक्यावर मदतीची कळ दाबली की दुसरे पान उघडते. कारण काय, उपाय काय, आणि कोणत्या अक्षराचा अर्थ काय, सारे तेथे लिहिलेले.

आपल्याकडे मध्यंतरी निराळेच घडले. परकीय चलनाच्या कायद्यावरून आय.बी.एम. १९७८ साली भारतातून निघून गेली आणि १९९२ साली टाटांच्या भागीदारीत परतली. त्यामुळे या यंत्रांची ओळख आपल्या पुष्कळ मंडळींना उशिरा झाली.

आता या यंत्रांची सर्वांत प्रसिद्ध तक्रार घेऊ. तिचे नाव ‘डेसिमल डेटा एरर’. आकड्याच्या जागी आकडा नाही, एवढाच तिचा अर्थ. आपल्याला कोरी जागा आणि शून्य सारखेच वाटतात. यंत्राच्या पोटात मात्र शून्याची खूण ‘एफ-शून्य’ आणि कोऱ्या जागेची ‘चार-शून्य’. दोन्ही अगदी वेगळ्या. जुनी यंत्रे कार्डांवर वाढलेली. कार्डावर भोक नसले की तेथे शून्य आहे असे समजून ती पुढे जात, आणि ‘सिस्टिम-३६’ पर्यंत ही उदारता चालली. त्या भरवशावर लोकांनी वर्षानुवर्षे रकाने कोरे सोडले. तीच माहिती नव्या यंत्रावर नेली, तेव्हा ते अडून बसले.

आपला जुना मुनीम असता तर यंत्राची बाजू घेता! वहीत रिकामे घर दिसले की तो आडवी रेघ मारी. कोरे घर म्हणजे काहीच नव्हते, की लिहायचे राहिले, हे नंतर कोण सांगणार?

समजा, तुमच्या गावच्या डेअरीची दहा दिवसांची बिले अशा यंत्रावर निघत आहेत. रात्री अकराला काम थांबते. पडदा विचारतो : सी, जी, डी की एफ? ‘सी’ म्हणजे काम रद्द. ‘डी’ आणि ‘एफ’ म्हणजे आतल्या स्थितीचा छापील उतारा काढून मग थांबणे. आणि ‘जी’ म्हणजे चला पुढे. झोप आलेल्या माणसाचे बोट ‘जी’कडेच जाते. पण ‘जी’ने कार्यक्रम आपल्या चक्राच्या आरंभी जातो आणि पुढची नोंद उचलतो. अडलेली नोंद अर्धीच राहते. सकाळी सगळ्यांची बिले तयार, आणि एका घरचे नाही. दोन म्हशींवर चूल पेटणारे ते घर असू शकते.

याहून वाईट खोड आहे. कार्यक्रमाचे भाषांतर करतानाच ‘दशांश दोषाकडे दुर्लक्ष कर’ असे यंत्राला बजावून ठेवता येते. जुनी माहिती घाईने नव्या यंत्रावर नेणाऱ्यांची त्याने मोठी सोय झाली, हे नाकारून चालणार नाही. मला मात्र ही सोय फारशी आवडत नाही. कोऱ्या जागेबरोबर दुसरा कचराही मग तोंड न उघडता बेरजेत शिरतो.

साऱ्याच तक्रारी इतक्या गंभीर नसतात. नोंद दुसऱ्याने धरून ठेवली असेल, तर यंत्र बहुधा साठ सेकंद वाट पाहून मगच बोलते. धरणारा कोण ते पाहावे, त्याला सोडायला सांगावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. नेहमीच्या निरुपद्रवी प्रश्नांची उत्तरे आगाऊ यादीत लिहून ठेवता येतात. आकड्याच्या तक्रारीला त्या यादीत घालू नये.

तिथे ‘डी’ द्यावे. उताऱ्यात रकान्यांची नावे आणि त्यांतल्या खुणा छापून येतात. ‘चार-शून्य, चार-शून्य’ अशी रांग दिसली की तो रकाना कोरा. मग यंत्राजवळून उठावे आणि ज्याने माप लिहिले त्याला गाठावे. दूध आलेच नव्हते, की आकडा राहून गेला? ते त्यालाच ठाऊक. नोंद सुधारावी. काम पुन्हा सुरू करण्याआधी निम्मी बिले लिहून झाली आहेत का, तेही तपासावे. नाहीतर कोणाला दोनदा पैसे जायचे.

या यंत्रांची एक गोष्ट मुनिमाला नक्की पटली असती. कामाच्या रोजनाम्यात यंत्राचा प्रश्न वेळेसकट नोंदवला जातो, आणि त्याच्याखाली तुम्ही दिलेले उत्तरही.