तलावाकाठचा लाकडी डेक : मजबुती फळ्यांखाली

लोणावळा, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात मुंबई-पुणेकरांनी बांधलेल्या बंगल्यांच्या परसात तरणतलाव ही आता अपूर्वाई राहिलेली नाही. तलावाच्या कडेने फरशीऐवजी लाकडी डेक घालण्याकडेही अनेकांचा कल असतो. लाकूड दिसते देखणे आणि अनवाणी पावलांना दगडासारखे चटके देत नाही. मात्र दोन-तीन पावसाळे उलटले की यातील बरेच डेक कुरकुरू लागतात. फळ्यांची टोके काळवंडतात, स्क्रूची डोकी वर येतात, मधला भाग पायाखाली दबतो. मग दोष लाकडाच्या माथी मारला जातो. वास्तविक दोष बहुधा असतो तो फळ्यांखालच्या, नंतर कधीच नजरेस न पडणाऱ्या सांगाड्यात. अंदाजपत्रकाला कात्री लागते तीही नेमकी तिथेच.

लाकूड पाण्याने कुजते, हा समज अर्धाच खरा आहे. लाकूड कुजवते ती बुरशी आणि तिला पाणी व हवा दोन्ही लागतात. म्हणूनच कायम पाण्याखाली बुडालेला खांब वर्षानुवर्षे टिकतो, तर जमिनीत रोवलेला खांब मातीच्या पातळीशीच आधी जातो. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर बुरशीला जम बसवता येत नाही. अलिबागेत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, लोणावळ्यात त्याच्या जवळपास दुप्पट. तो डेकवर पडणारच. पडलेले पाणी साचू नये आणि भिजलेले लाकूड पुन्हा वाळावे, एवढेच बांधणाऱ्याच्या हाती असते.

सुरुवात जमिनीपासून. तलावासाठी खोदलेल्या खड्ड्यात भिंती उभ्या राहिल्यावर त्यांच्या बाहेरची पोकळी मातीने भरली जाते. ही भरावाची माती पुढे एक-दोन पावसाळे खचत राहते आणि डेकचे पाये नेमके तिच्यावरच येतात. त्यामुळे भराव थराथराने पाणी मारून ठोकून घ्यावा, तलावालगतचे पाये तरी मूळ घट्ट जमिनीपर्यंत न्यावेत. शक्य असेल तर भराव एक पावसाळा बसू द्यावा. पुणे-नाशिककडील काळ्या मातीत आणखी एक अडचण असते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे बांधकाम उचलते. तेथे पाया मुरुमापर्यंत पोहोचलाच पाहिजे. कोकणातील जांभ्यावर हे काम तुलनेने सोपे जाते.

लाकडी खांब थेट मातीत रोवू नये. काँक्रीटचा ठोकळा जमिनीपासून सहा इंच तरी वर काढून त्यावर धातूच्या बैठकीत खांब उभा करावा. डेकखालच्या जमिनीला तलावाच्या विरुद्ध दिशेने शंभरास एक एवढा उतार देऊन वर खडी पसरावी. बाजूने जाळी लावावी. हवा खेळती राहते आणि पावसाळ्यात साप-विंचवांना डेकखाली आसरा मिळत नाही. शोभेसाठी बाजू फळ्यांनी पूर्ण बंद करणे म्हणजे बुरशीला आमंत्रणच.

डेकचा भार तलावाच्या भिंतीवर टाकण्याचा मोह होतो, कारण तेवढे खांब वाचतात. तो टाळावा. भिंतीत बोल्ट ठोकले की जलरोधक थर फुटतो. शिवाय काँक्रीट आणि लाकूड यांची हालचाल सारखी नसते. डेक स्वतःच्या पायांवर उभा असावा. तलावाच्या काठापासून अर्ध्या इंचाची फट ठेवावी, किंवा फळ्या काठावर नुसत्या पुढे झुकवाव्यात.

सांगाडा आखताना माणसांची गर्दी धरावी लागते. भारतीय मानकांनुसार निवासी बाल्कनीसाठी प्रति चौरस मीटर सुमारे ३०० किलोचा भार गृहीत धरला जातो. डेकलाही तोच धरणे शहाणपणाचे. एक इंच जाडीच्या फळीखाली वासे ४० सेंटिमीटरच्या अंतराने असावेत, फळ्या तिरप्या घालायच्या असल्यास ३० च्या. उतारावरच्या बंगल्यात डेक जमिनीपासून पुरुषभर उंचावर जातो, तेव्हा खांबांना तिरपे आधार द्यावेत आणि संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. २९ जून २००३ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात एका इमारतीच्या मागील बाजूचा बहुमजली लाकडी सज्जा गर्दीच्या भाराखाली कोसळून १३ जणांचा बळी गेला होता. घराच्या भिंतीला टेकवलेली तुळई केवळ खिळ्यांनी ठोकलेली असणे, हे तेथील डेक कोसळण्याचे एक नेहमीचे कारण मानले जाते. तुळईला आरपार बोल्टच हवेत.

लाकडात पहिली पसंती अर्थातच सागवानाला. त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी आणि बुरशी दूर राहतात. पण हा गुण फक्त गाभ्याच्या तपकिरी लाकडात असतो. बाहेरचे पांढरट लाकूड सागाचे असूनही लवकर किडते आणि लागवडीच्या कोवळ्या सागात त्याचेच प्रमाण मोठे असते. बाजारात ‘ब्रह्मी साग’ सांगून विकल्या जाणाऱ्या मालाची कागदपत्रे पाहावीत. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. ब्राझीलकडील अतिकठीण ‘इपे’चा आंतरराष्ट्रीय व्यापारही नोव्हेंबर २०२४ पासून परवान्याच्या कक्षेत आला आहे. स्वस्तातला पर्याय म्हणजे रसायन मुरवलेले पाइन. तांबे-क्रोम-आर्सेनिक मिश्रणाने प्रक्रिया केलेल्या लाकडाचा बहुतांश घरगुती वापर अमेरिकेत २००४ पासून थांबला. जेथे अनवाणी मुले बागडणार, तेथे आर्सेनिकविरहित प्रक्रियेचाच आग्रह धरावा. अशा लाकडाचे उरलेले तुकडे बंबात किंवा शेकोटीत मुळीच घालू नयेत. पैसे मोजके असतील, तर वरच्या फळ्या साध्या घ्याव्यात आणि चांगले लाकूड वाशांना वापरावे. फळी बदलता येते, वासा बदलायचा तर सारा डेक उचकटावा लागतो.

स्क्रूच्या बाबतीत मात्र काटकसर नकोच. साधे लोखंड सागातील द्रव्यांशी संयोग पावून काळे ओघळ सोडते. क्लोरीनचे पाणी आणि समुद्राची खारी हवा यांत ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टीलही डागाळते. तेथे ३१६ दर्जा वापरावा. प्रत्येक वाशावर फळीला दोन स्क्रू, तेही आधी भोक पाडून. वाशांच्या माथ्यावर डांबरी पट्टी चिकटवली की स्क्रूच्या भोकातून पाणी मुरत नाही. दोन फळ्यांत पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवावी. मे महिन्यात करकरीत वाळलेली फळी जुलैत फुगते, हे विसरून फळ्या भिडवल्या, तर त्या उचलल्या जातात. कापलेल्या टोकांतून लाकूड सर्वाधिक पाणी पिते, म्हणून ती बसवण्यापूर्वीच मेणाने किंवा रंगाने बंद करावीत. खाचांच्या फळ्या दुकानात आकर्षक दिसतात. आपल्या पावसाळ्यात मात्र खाचांत शेवाळ धरते.

वर पॉलिश किंवा व्हार्निश नको. त्याचा पापुद्रा सुटतो आणि खाली पाणी कोंडते. बाहेरील वापरासाठी बनवलेले, बुरशीरोधक घातलेले तेल वर्षातून एकदा द्यावे. आपल्याकडचे परंपरागत जवसाचे कच्चे तेल दमट हवेत उलट बुरशीचे खाद्य ठरते. काहीच न लावल्यास साग रुपेरी करडा होतो. त्याने मजबुती घटत नाही.

विजेची कामे फळ्या बसण्यापूर्वीच पूर्ण व्हावीत. डेकखालच्या तारा बंद नळीतून न्याव्यात, पाण्यातील दिवे १२ व्होल्टचे असावेत, ३० मिलिअँपिअरला तुटणारे संरक्षक उपकरण बसवावे आणि सांगाडा धातूचा असल्यास तोही भूसंपर्कित करावा. ऑस्ट्रेलियात घरगुती तलावाभोवती किमान १.२ मीटर उंचीचे, आपोआप मिटणाऱ्या फाटकाचे कुंपण कायद्याने सक्तीचे आहे. आपल्याकडे मालकानेच ते मनावर घ्यायला हवे. कुंपणालगत बाक किंवा कुंड्या ठेवू नयेत, लहान मुले त्यावर चढून सहज पलीकडे जातात.

पंप, झडपा आणि नळजोडांच्या वर उचलता येतील अशा झडपफळ्या ठेवाव्यात. दरवर्षी मे महिन्यात त्याच उघडून, खाली उतरून, वाशांत पेचकस टोचून पाहावा. टोक अर्धा सेंटिमीटर सहज आत गेले, तर तो वासा मृगापूर्वी बदलावा.